बंदीकाळानंतर नौकेचे इंजिन सुरू का होत नाही?

महाराष्ट्राच्या सागरी जलधिक्षेत्रात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी करण्यास मनाई असते. मासळीच्या प्रजननास अवसर मिळावा आणि खवळलेल्या समुद्रात जीवितहानी होऊ नये, असा या बंदीचा दुहेरी हेतू आहे. सातपाटी, अर्नाळा, वर्सोवा, हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा लहानमोठ्या बंदरांत या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात किंवा खाडीच्या आडोशाला नांगरून ठेवल्या जातात. बंदी उठण्याचा दिवस जवळ येऊ लागला की बंदरे पुन्हा जागी होतात. जाळी तुणली जातात, तळाला रंग चढतो, बर्फ आणि डिझेल भरण्याची घाई उडते. आणि नेमक्या याच वेळी अनेक नौकांवर एकच तक्रार ऐकू येते: इंजिन सुरू होत नाही.

ही अडचण वरवर पाहता किरकोळ वाटते. परंतु खलाशांना दिलेली उचल, भरून ठेवलेला शिधा, वितळत चाललेला बर्फ आणि उधारीवर घेतलेले डिझेल यांचा हिशेब मांडला, तर धक्क्याला अडकून पडलेला एकेक दिवस नौकाधारकास किती महाग पडतो हे ध्यानात येते. हंगामाच्या पहिल्या फेऱ्यांत मिळणाऱ्या मासळीला भावही बरा असतो. त्यामुळे जो तो हातघाईवर येतो. सेल्फची कळ पुन्हा पुन्हा दाबली जाते, मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर तो इंजेक्शन पंप उतरवून शहरात पाठवतो आणि हजारो रुपये खर्च झाल्यावर दोष बॅटरीच्या एका गंजलेल्या तारेत होता असे उघडकीस येते. वस्तुतः यांतील बहुतेक दोष साधे असतात. ते क्रमाने शोधण्याची शिस्त मात्र अंगी बाणलेली नसते.

बंद इंजिनात काय घडते?

थंड हवेच्या देशांत नौका हिवाळ्यात वर काढल्या जातात. तेथील नौकाधारकास मुख्य भय असते ते इंजिनात राहिलेल्या पाण्याचे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि बिडाचा जाड ब्लॉकही त्या दाबाने तडकतो. कोकणात हे भय नाही. येथे शत्रू निराळा आहे: दमट हवा आणि मीठ. पावसाळ्यात किनाऱ्यावरील हवा दिवसेंदिवस बाष्पाने भरलेली असते. लोखंडावर बसलेला मिठाचा सूक्ष्म थर ते बाष्प शोषून घेतो आणि गंज चढू लागतो. इंजिन चालू असताना त्याची उष्णता व तेलाचा पातळ थर त्याचे रक्षण करीत असतात. दोन महिने ते थंड पडून राहिले की तेल हळूहळू खाली ओघळते आणि सिलिंडरच्या भिंती उघड्या पडतात. त्यातच जुन्या ऑईलमध्ये ज्वलनातून उतरलेली आम्ले मुरलेली असतात, तीही आपले काम करीतच राहतात. म्हणून इंजिनाचे ऑईल हंगामाच्या आरंभी नव्हे, तर बंदी लागताना बदलावे, हा जाणकारांचा आग्रह असतो. अनेक ठिकाणी नेमके उलट केले जाते.

कळ दाबण्यापूर्वी

दोन महिने बंद असलेल्या इंजिनाची कळ एकदम दाबू नये. प्रथम ऑईलची कांडी बाहेर काढून पाहावी. ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पातळी वाढलेली असून डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा पडदा फाटला असण्याचा संभव असतो. दोन्ही प्रसंगी ऑईल बदलून कारण शोधल्याखेरीज इंजिन फिरवू नये.

यानंतर धुराड्याकडे वळावे. पुष्कळ नौकांचे धुराडे सरळ वर गेलेले असते. त्यावर पावसाळ्यात टोपी वा पत्र्याचा डबा पालथा घातला नसेल, तर पावसाचे पाणी धुराड्यातून उतरून उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये साचू शकते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. असे इंजिन सेल्फने फिरवल्यास पिस्टन वर येता येता पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका क्षणाच्या उतावळेपणाने संपूर्ण इंजिन उघडावे लागते. म्हणून प्रथम फ्लायव्हील हाताने किंवा पान्याने निदान दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावे. मध्येच ते घट्ट अडले तर जोर करू नये. नोझल काढून ठेवावेत व पुन्हा हाताने फिरवावे. पाणी असेल तर ते नोझलच्या भोकांतून बाहेर येते. डबा पालथा घातलेला असेल, तर तो काढण्याची आठवण ठेवणेही तितकेच अगत्याचे आहे. हवेच्या वाटेवरही लक्ष असावे. बंद नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर केले तर इंजिनाला श्वास घेता येत नाही, आणि टाकीच्या हवानळीचे तोंड असे बुजले तर थोड्या वेळाने डिझेलचा प्रवाहच थांबतो.

सेल्फ फिरत नसेल तर

इंजिन हाताने सहज फिरते, परंतु कळ दाबल्यावर नुसते ‘टक्’ असा आवाज येतो किंवा ते रेंगाळत फिरते, अशा वेळी दोष विजेच्या बाजूस असतो. शिसे-आम्लाची बॅटरी वापरात नसतानाही आपोआप उतरत जाते व उष्ण हवेत हा वेग अधिक असतो. फार काळ उतरलेल्या अवस्थेत राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग ती पुन्हा पुरती भरत नाही. बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवीत असेल तर ती भरलेली समजावी, १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी. ज्या बॅटरीची झाकणे उघडतात तिचे आम्ल हायड्रोमीटरने तपासणे अधिक खात्रीचे असते. आकडा सुमारे १.२४ ते १.२६ हवा. एखादाच कप्पा इतरांपेक्षा बराच खाली असेल तर बॅटरीचे आयुष्य संपत आले आहे. पाणी कमी असेल तर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे किंवा नळाचे घालू नये. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो, तेव्हा जवळ विडी वा दिवा असता कामा नये.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ फिरत नसेल तर तारांचे सांधे तपासावेत. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो. सांधा वरून घट्ट दिसतो, पण वीज वाहू देत नाही. यावर एक सोपी परीक्षा आहे. काही सेकंद कळ दाबून सोडावी व लगेच एकेका सांध्याला हात लावून पाहावा. जो सांधा तापला असेल तोच दोषी. तो उघडून कानशीने वा पॉलिश पेपरने स्वच्छ करावा, घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. इंजिनाच्या अंगाला जोडलेली अर्थची पट्टी लोक विसरतात. दोष पुष्कळदा तेथेच दडलेला असतो.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून अधिक फिरवू नये व दोन प्रयत्नांच्या मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. ज्या नौकांत थंडाव्याचे समुद्रपाणी धुराड्यात सोडलेले असते, तेथे आणखी एक दक्षता हवी. इंजिन पेट घेत नसताना ते पाणी बाहेर ढकलण्यास धुराचा जोर नसतो. वारंवार प्रयत्न केल्यास ते धुराड्यात साचून उलट सिलिंडरमध्ये येते. अशा वेळी तळाची पाण्याची कॉक बंद ठेवून प्रयत्न करावेत आणि इंजिन सुरू होताच ती उघडावी.

डिझेल पोहोचते का?

इंजिन जोमाने फिरत आहे, पण धुराड्यातून धूर म्हणून निघत नाही, याचा अर्थ सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचलेलेच नाही. येथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो. सर्वप्रथम इंजिन बंद करण्याची कडी पाहावी. ती किंवा तिची तार गंजून ‘बंद’ अवस्थेतच अडकली असेल, तर कितीही फिरवले तरी पंप डिझेल सोडणार नाही. ही गोष्ट इतकी क्षुल्लक आहे की ती सर्वांत शेवटी तपासली जाते.

मग टाकी. अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, रात्रीच्या गारव्याने त्यातील बाष्प पत्र्यावर थेंबरूपाने जमते आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळे पाणी तळाशी जाऊन बसते. या पाण्याच्या व डिझेलच्या सीमेवर एक प्रकारची बुरशी व जिवाणू वाढतात. डिझेल हेच त्यांचे अन्न. त्यांचा काळपट, बुळबुळीत साका फिल्टर बुजवतो. टाकीच्या तळाच्या कॉकमधून थोडे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे व अर्धा तास स्थिर ठेवावे. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला, किंवा दोन थरांच्या मध्ये काळसर धागे तरंगताना दिसले, की निदान झाले. पाणी पूर्ण निघेपर्यंत टाकी निथळावी, साका असल्यास टाकी धुवून काढावी, पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यातील पाणी सोडावे आणि फिल्टर नवा घालावा. जुना फिल्टर डिझेलमध्ये धुवून पुन्हा बसवण्याची काटकसर शेवटी नोझलच्या दुरुस्तीत खर्ची पडते.

फिल्टर बदलला किंवा टाकी रिकामी झाली की नळ्यांत हवा शिरते. ‘इंजिनाने हवा घेतली’ असे बंदरावर म्हणतात ते हेच. पंपाच्या दट्ट्याने डिझेलऐवजी हवा दाबली जाते आणि हवा केवळ आखडते व पसरते. नोझल उघडण्याइतका दाब निर्माणच होत नाही. ही हवा टाकीकडून इंजिनाकडे अशा क्रमानेच काढावी लागते. आधी फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा हलवीत राहावे. प्रथम फेस येतो, मग फेसाळ डिझेल, शेवटी बुडबुड्यांविना स्वच्छ धार. ती आली की दांडा चालू असतानाच स्क्रू आवळावा. नंतर इंजेक्शन पंपावरील स्क्रूचे असेच करावे. इतक्याने काम न भागल्यास नोझलला जोडलेल्या नळ्यांच्या चाक्या अर्धा फेरा सैल करून इंजिन फिरवावे व डिझेल दिसताच आवळाव्यात. पुन्हा पुन्हा हवा येत असेल तर टाकी व फीड पंप यांमधील एखादा सांधा सैल आहे किंवा रबरी नळीला चीर गेली आहे. या भागात डिझेल ओढले जात असल्याने बाहेर गळती दिसत नाही, केवळ हवा आत शिरते. मिस्त्रींनाही चकवणारा दोष तो हाच.

येथे एक इशारा आवश्यक आहे. जुन्या पद्धतीच्या नोझलमधील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट असतो. त्या फवाऱ्यासमोर हात धरल्यास डिझेल कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे. नव्या ‘कॉमन रेल’ इंजिनांत हा दाब हजार पटींच्याही पुढे जातो. त्यांच्या दाबाच्या नळ्या सैल करण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

धुराची भाषा

धूर निघतो पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी धुराचा रंग पाहावा. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास असलेला धूर म्हणजे डिझेल आत येते, परंतु जळत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा सोळा ते वीस पटींनी दाबली गेल्यामुळे पाचशे अंश सेल्सियसच्याही वर तापते व त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. इंजिन मंद फिरले किंवा हवा कोठून निसटली तर ती पुरेशी तापत नाही. म्हणजे पांढऱ्या धुराचे मूळही अनेकदा अशक्त बॅटरीतच असते. बॅटरी ठीक असेल तर गंजाने चिकटलेल्या पिस्टन-रिंगा किंवा पुरता न मिटणारा व्हॉल्व्ह यांचा संशय घ्यावा. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एखादा चमचा ऑईल सोडावे, ते मुरू द्यावे, हाताने काही फेरे फिरवावे आणि मग नोझल बसवून प्रयत्न करावा. इंजिन सुरू झाले तर दोष रिंगांचा, हे निश्चित होते. पुढील काम कुशल मिस्त्रीचे. वास नसलेला, वाफेसारखा धूर थांबतच नसेल तर सिलिंडरमध्ये पाणी येत आहे व हेड गॅस्केट तपासले पाहिजे.

हवेच्या तोंडाशी ईथरचा फवारा मारणे किंवा पेटते फडके धरणे हे उपाय कटाक्षाने टाळावेत. ईथर वेळेआधी भडकते व त्याच्या तडाख्याने रिंगा आणि पिस्टन फुटू शकतात. फडक्याच्या ज्वाळेने लाकडी नौका पेटू शकते हे वेगळे सांगावयास नको.

धक्क्यावर सुरू झाले म्हणून…

इंजिन सुरू झाले की नारळ वाढवून लगोलग खाडीबाहेर पडण्याची घाई होते. खरा धोका येथेच आहे. धक्क्याजवळच्या संथ पाण्यात टाकीतला साका तळाशी निजलेला असतो. खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर, ऑगस्टच्या लाटांनी नौका हेलकावू लागली की तो ढवळून वर येतो आणि काही मिनिटांत फिल्टर बुजतो. जेथे नौकेला जोराची सर्वाधिक गरज असते नेमके तेथेच इंजिन बंद पडते. नौका लाटांना आडवी होते, आणि तांडेलाचे सारे कसब अशा वेळी अपुरे ठरते. म्हणून दोर बांधलेल्या स्थितीत, पंखा फिरता ठेवून, निदान अर्धा ते एक तास इंजिन चालवून पाहावे. थंडाव्याचे पाणी बाहेर पडते का, ऑईलचा दाब स्थिर आहे का, बॅटरी भरते का, हे पाहावे. समुद्रपाण्याच्या पंपातील रबरी चक्र दोन महिने एकाच स्थितीत दबून राहिल्याने वाकडे होते किंवा चिकटते आणि पहिल्याच फेऱ्यांत तुटते. पाणी आले नाही तर इंजिन तत्काळ थांबवावे. नौकेवर दोन नवे फिल्टर, एक रबरी चक्र, पट्टा, पाने आणि चालू स्थितीतील नांगर असल्याशिवाय खाडी ओलांडू नये. संकटकाळी भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक खलाशाला पाठ असावा.

खाडीतील लहान होड्यांना लावलेल्या पेट्रोलच्या बाहेरील यंत्रांची गोष्ट थोडी निराळी. तेथे स्पार्क प्लग ओला वा काजळलेला असणे आणि कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा जमणे ही नेहमीची कारणे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते व ते हवेतील ओलावा शोषते. मर्यादेबाहेर पाणी मिसळले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात. म्हणून मे महिन्यातील पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरू नये आणि कार्ब्युरेटर रिकामा करूनच यंत्र ठेवावे.

उपाय जूनमध्येच

ऑगस्टमधील बहुतेक दोषांचे बीज जूनमध्ये पडलेले असते. नौका वर काढण्यापूर्वी इंजिन तापवून ऑईल व फिल्टर बदलावा, थंडाव्याच्या वाटेतून गोडे पाणी खेळवून मीठ धुवावे व ते पाणी काढून टाकावे. रबरी चक्र काढून ठेवावे, पट्टा सैल करावा, धुराड्याचे व हवेचे तोंड झाकावे. डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवावी असे पुस्तकात सांगितलेले असते. तथापि, बंदीच्या दिवसांत उत्पन्न नसताना शेकडो लिटर डिझेलमध्ये पैसा अडकवणे लहान नौकाधारकास परवडत नाही आणि चोरीची भीतीही असतेच. त्याने टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, कोरडी करून बंद करावी. अर्धी टाकी मात्र सर्वांत वाईट. बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा भरावी. दर आठ-पंधरा दिवसांनी फ्लायव्हील हाताने काही फेरे फिरवावे. पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करण्याची प्रथा हितावह नाही. इंजिन पुरते तापत नाही आणि ज्वलनातील बाष्प ऑईलमध्येच राहते.

यांतील काही गोष्टी एकट्या नौकाधारकाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. हायड्रोमीटर, व्होल्टमीटर व चार्जर यांचा एकच संच मच्छीमार सहकारी संस्थेने घेतला तर साऱ्या गावाच्या बॅटऱ्या पावसाळाभर सांभाळता येतील. नौका ओढण्याच्या जागेवर पाण्याचा निचरा, दिवा आणि जळके ऑईल साठवण्यासाठी झाकणाचे पिंप ठेवणे ग्रामपंचायतीस अशक्य नाही. आज हे ऑईल अनेक ठिकाणी खाडीत ओतले जाते, आणि त्याच खाडीत कोळंबीची पिले वाढत असतात. मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांतून नौकानयनाबरोबरच सागरी डिझेल इंजिनाची देखभाल व परिचालन शिकवले जाते. प्रत्येक बंदरातील निदान दोन तरुणांनी ते घ्यावे असा प्रयत्न स्थानिक अधिकाऱ्यांनी केला, तर हंगामाच्या तोंडावर मिस्त्रीसाठी होणारी धावपळ पुष्कळ कमी होईल. किनाऱ्यावरील शाळांत विज्ञानाच्या तासाला घनता शिकवताना काचेच्या बाटलीत थोडे डिझेल व पाणी घेऊन दाखवावे. ती बाटली ज्या घरांतून मुले येतात, त्यांतील कित्येक घरांच्या टाक्यांत जुलै महिन्यात तेच घडत असते. मुलांनी घरी जाऊन ते सांगितले, तर निथळण्याची कॉक उघडायला अजून वेळ हाताशी असतो.